घरच्या संगणकावरील जाहिरातींच्या चौकटी काही केल्या थांबत नाहीत. फॉरमॅट करण्यापूर्वी आणखी काय करून पाहावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी विंडोज ११ असलेला एक संगणक आहे आणि तो मुख्यतः माझी आई वापरते. मेल वाचणे, बिले भरणे, गाणी ऐकणे आणि नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणे एवढेच तिचे काम असते. गेल्या साधारण तीन आठवड्यांपासून पडद्याच्या उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात दर काही मिनिटांनी एक छोटी चौकट वर सरकते. कधी तिच्यावर "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत" असे लिहिलेले असते, तर कधी "तुमचे संरक्षण आज संपत आहे, लगेच नूतनीकरण करा" असे. त्याखेरीज क्रोममध्ये काहीही शोधले की निकाल गूगलवर न दिसता एका अनोळखी पानावर उघडतात आणि त्या पानाचा वरचा अर्धा भाग नुसत्या जाहिरातींनी भरलेला असतो. मागच्या आठवड्यात तर संपूर्ण पडदा व्यापणारे एक निळे पान उघडले, भोंग्यासारखा आवाज सुरू झाला आणि "संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा" अशी सूचना आली. आईने तो क्रमांक वहीत उतरवून घेतला होता. सुदैवाने फोन करण्याआधी तिने मला विचारले.

मी आतापर्यंत अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन केला, त्यात काहीही सापडले नाही. ब्राउझरचा इतिहास आणि कुकीज पुसल्या. शेवटी क्रोम काढून टाकून नव्याने इन्स्टॉल केला, तेव्हा पहिली दहा मिनिटे सगळे सुरळीत होते. पण आईच्या खात्याने साइन-इन करताच तेच अनोळखी शोधपान परत आले. आता सगळे फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर नाही, असे मला एकाने सांगितले आहे. परंतु आईचे बरेच फोटो आणि कागदपत्रे त्यात आहेत. शिवाय ती आता संगणक सुरू करायलाच घाबरते आणि "माझ्याच हातून काहीतरी भलते दाबले गेले असणार" असे सारखे म्हणते, ते मला जास्त लागते. फॉरमॅट खरोखरच आवश्यक आहे का, आणि तिचे पासवर्ड सुरक्षित आहेत का, हे कृपया कोणी सांगेल का?

उत्तर १

फॉरमॅटची घाई कृपया करू नका. तुम्ही ज्याला एकच आजार समजत आहात ते माझ्या मते तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे मूळ निराळ्या जागी आहे. म्हणूनच एका उपायाने सगळे थांबलेले नाही. कोणती चौकट कुठून येते हे आधी ओळखायचे आणि मगच काही पुसायचे, एवढा क्रम पाळला तर बहुतेक घरगुती संगणक तासा-दोन तासांत स्वच्छ होतात.

कोपऱ्यातल्या चौकटीपासून सुरुवात करा, कारण ती सर्वांत सोपी आहे. पुढच्या वेळी ती वर आली की लगेच बंद न करता नीट वाचा. व्हायरसची धमकी आणि लाल रंगाचे चिन्ह यांवर नजर ठरते, पण खरी माहिती बारीक अक्षरांत असते: वरच्या कडेला ब्राउझरचे नाव आणि मजकुराच्या जवळ एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता. हा पत्ता दिसला तर ती चौकट व्हायरसची नाही आणि अँटिव्हायरसचीही नाही. ती एका संकेतस्थळाने ब्राउझरमार्फत पाठवलेली नोटिफिकेशन आहे. असे संकेतस्थळ आधी "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा" किंवा "व्हिडिओ पाहण्यासाठी अलाउ दाबा" असे सांगते. ते बटण दाबले की प्रत्यक्षात त्या संकेतस्थळाला तुमच्या पडद्यावर केव्हाही संदेश दाखवण्याची परवानगी मिळते. तुमच्या अँटिव्हायरसला काही सापडले नाही याचे कारणही हेच असावे. संगणकात शोधण्यासारखी फाइलच नाही, फक्त दिलेली एक परवानगी आहे.

ती काढून घेण्यासाठी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये "गोपनीयता आणि सुरक्षा" या भागात जाऊन साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन उघडा. तिथे परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. जे नाव आईला ओळखीचे वाटत नाही ते प्रत्येक नाव ब्लॉक करा. नुसते यादीतून काढले तर तेच संकेतस्थळ पुन्हा परवानगी मागू शकते. त्याच पानावर, कोणत्याही संकेतस्थळाने यापुढे नोटिफिकेशनची परवानगीच मागू नये, असाही पर्याय आहे. आईच्या संगणकासाठी तो मी डोळे झाकून निवडेन. घरात एज किंवा फायरफॉक्सही वापरला जात असेल तर तिथली यादी वेगळी असते, ती विसरू नका.

पूर्ण पडद्यावरचे निळे पान हे निव्वळ एक वेबपान होते. कोणा जाहिरातीवर चुकून क्लिक झाल्यावर ते उघडते आणि ब्राउझर बंद केला की संपते. अशा वेळी एस्केप कळ काही क्षण दाबून धरावी. तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिथून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडल्यावर "आधीची पाने परत आणू का?" असे विचारले तर नकार द्यावा, नाहीतर तेच पान पुन्हा समोर येते. आणि आईला एक गोष्ट ठामपणे सांगा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशात किंवा इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. तसे मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केलेले आहे. क्रमांक दिसला म्हणजे तो संदेश खोटा, याहून सोपी खूण दुसरी नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. शोधपान बदलण्याच्या तक्रारीबद्दल भर घालते, कारण तो प्रकार खरोखर जाहिराती लादणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजेच अ‍ॅडवेअरचा दिसतो.

तुम्ही प्रश्नातच एक महत्त्वाचा धागा दिला आहे. नव्याने टाकलेला क्रोम दहा मिनिटे नीट चालला आणि खात्याने साइन-इन करताच बिघडला, याचा अर्थ आईच्या खात्याबरोबर एक नको असलेले एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) सिंक होत आहे, म्हणजे खात्यातून आपोआप संगणकावर उतरत आहे. तुम्ही ते संगणकावरून काढता आणि खाते ते पुन्हा आणून ठेवते. त्यामुळे सफाई सुरू करण्यापूर्वी सिंक बंद करा, आणि त्याच खात्याने आणखी एखाद्या संगणकावर साइन-इन केलेले असेल तर तिथलीही एक्स्टेन्शन तपासा.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅप्सची यादी उघडा आणि ती तारखेनुसार लावा. ही माझी सर्वांत आवडती पायरी आहे, कारण त्रास कधी सुरू झाला हे माहीत असेल तर यादीच गुन्हेगार दाखवून देते. तुमच्या बाबतीत तीन आठवड्यांपूर्वीच्या दिवसावर बोट ठेवा. एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक अशी दोन-तीन अनोळखी नावे दिसली तर त्यातले एक आईने हवे म्हणून घेतलेले असेल आणि बाकीची त्याच्या पाठीवर बसून आलेली असतील. ती सगळी अनइन्स्टॉल करा. अनइन्स्टॉल करताना उघडणाऱ्या खिडकीतली बटणे मात्र सावकाश वाचा. "ठेवा" हे बटण मोठे आणि रंगीत, तर "काढा" हे फिकट अक्षरांत, अशी मांडणी मी अनेकदा पाहिली आहे.

यानंतर अ‍ॅडक्लीनर चालवा. हे विनामूल्य साधन २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे, ते इन्स्टॉलही करावे लागत नाही, आणि नेहमीचे अँटिव्हायरस ज्यांना सौम्य समजून सोडून देतात ते टूलबार, शोधपान बदलणारे प्रोग्राम आणि त्यांच्या मागे राहिलेल्या नोंदी शोधणे हेच त्याचे काम आहे. ते फक्त कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. स्कॅननंतर दिसणारी यादी वाचून ओळखीच्या गोष्टींवरची खूण काढा, बाकीचे क्वारंटाइन करा, म्हणजे न पुसता वेगळे कोंडून ठेवा, आणि संगणक रीस्टार्ट होऊ द्या. चुकून काही हवे असलेले गेले तर क्वारंटाइनमधून परत आणता येते.

जाता जाता क्रोमच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमधली टार्गेटची ओळ पाहा. ती प्रोग्रामच्या नावावर संपायला हवी. त्यापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता जोडलेला असेल तर तेवढा पुसा. सर्वांत शेवटी क्रोमच्या सेटिंग्जमधून रीसेट करा. त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, फक्त एक्स्टेन्शन बंद होतात, शोधयंत्र पूर्ववत होते आणि कुकीज पुसल्या जातात. सिंक पुन्हा सुरू करायचे ते हे सगळे झाल्यावरच.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

दोघांचेही मनापासून आभार. नोटिफिकेशनच्या यादीत सात नावे होती आणि त्यांपैकी पाच आईने कधी ऐकलेलीही नव्हती. ती ब्लॉक केल्यापासून कोपऱ्यातली व्हायरसची चौकट आलेली नाही. अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावल्यावर पीडीएफ फाइल जोडणारा एक प्रोग्राम सापडला आणि त्याच दिवशी, दोन मिनिटांच्या अंतराने, "अपडेटर" असे नाव असलेला आणखी एक. आईला एका अर्जासाठी दोन कागद एकत्र करायचे होते, तेव्हा तिने तो घेतला होता. दोन्ही काढले आणि अ‍ॅडक्लीनरही चालवला.

तरीही शोधपान मात्र जात नाही. एक्स्टेन्शनच्या पानावर ते दिसते, पण त्याच्यासमोर काढून टाकण्याचे बटणच नाही, आणि क्रोमच्या मेन्यूच्या तळाशी "तुमच्या संस्थेने व्यवस्थापित केलेले" अशी ओळ आहे. हा घरचा संगणक आहे, कोणत्याही संस्थेचा नाही. रीसेट केल्यावरही ही ओळ तशीच आहे.

उत्तर ३

ती ओळ म्हणजेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मोठ्या कार्यालयांना आपल्या शेकडो संगणकांवरचा ब्राउझर एकाच जागेवरून नियंत्रित करता यावा म्हणून क्रोममध्ये पॉलिसी नावाची सोय ठेवलेली आहे. कोणते एक्स्टेन्शन सक्तीने बसवायचे आणि कोणते शोधयंत्र ठेवायचे, हे त्या पॉलिसीने ठरते आणि वापरणाऱ्याला ते बदलता येत नाही. अ‍ॅडवेअरने याच सोयीचा आधार घेतला आहे: इन्स्टॉल होताना प्रशासकाची परवानगी मिळाली की तो विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, एक पॉलिसी लिहून ठेवतो आणि मग क्रोमला वाटते की ही मालकाचीच आज्ञा आहे. रीसेट ही ब्राउझरच्या आतली क्रिया असल्यामुळे रजिस्ट्रीतली पॉलिसी तिच्या आवाक्याबाहेर राहते.

आधी खात्री करून घ्या. अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजी अक्षरांत "क्रोम", मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि "पॉलिसी" असे लिहून एंटर दाबा. लागू असलेल्या सर्व पॉलिसींची यादी उघडेल. त्यात एक्स्टेन्शन सक्तीने बसवणाऱ्या "एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट" या नोंदीसमोर छोट्या इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक ओळ असेल. ती ३२ अक्षरांची असते आणि तुमच्या एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड सुरू केल्यावर दिसणाऱ्या ओळख-क्रमांकाशी ती ताडून पाहता येते. दोन्ही जुळले तर शंका उरत नाही. काही वेळा चांगले सॉफ्टवेअरही पॉलिसी लिहिते, म्हणून ही पडताळणी वगळू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रम. रजिस्ट्रीतली नोंद तुम्ही आत्ता पुसली आणि ती लिहिणारे काम मागे जिवंत राहिले, तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताच नोंद परत येईल आणि तुमचा सगळा उत्साह मावळेल. म्हणून प्रथम टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणारे विंडोजचे साधन, उघडा. डावीकडच्या लायब्ररीत जी कामे दिसतात त्यांतल्या प्रत्येकाच्या "अ‍ॅक्शन्स" या भागात कोणता प्रोग्राम चालतो ते पाहा. एखाद्या वापरकर्त्याच्या अ‍ॅप-डेटा फोल्डरमधून चालणारी, अर्थहीन नावाची किंवा सरळ एखादे संकेतस्थळ उघडणारी कामे संशयास्पद समजा. तुम्ही काढलेल्या त्या "अपडेटर"चे एखादे काम तिथे अजून असेल, असा माझा अंदाज आहे. आधी ते डिसेबल करा, लगेच डिलीट करू नका. दोन दिवस सगळे ठीक चालले तर मग काढा. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ऑटोरन्स हे विनामूल्य साधन उत्तम आहे. विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट ते एका ठिकाणी दाखवते.

त्यानंतर क्रोम पूर्ण बंद करून रजिस्ट्री एडिटर उघडा. "एचकी लोकल मशीन" मध्ये सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात गूगल आणि त्यात क्रोम असे आत जा. "एचकी करंट यूजर" मध्येही हाच मार्ग तपासा. क्रोम या फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रथम एक्स्पोर्ट करा, म्हणजे चूक झाली तर मागे फिरता येईल, आणि मगच तो पुसा. घरच्या संगणकावर हा फोल्डर सहसा नसतोच. कार्यालयाने दिलेल्या संगणकावर मात्र यातले काहीही करू नये, तिथे त्या पॉलिसी खऱ्या असतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर "संस्थेने व्यवस्थापित" ही ओळ गेलेली असेल आणि एक्स्टेन्शनसमोर काढण्याचे बटण आलेले असेल.

उत्तर ४

तांत्रिक भाग वर उत्तम आला आहे. मला पासवर्डबद्दल आणि तुमच्या आईबद्दल लिहायचे आहे.

अ‍ॅडवेअरचा मुख्य धंदा जाहिराती दाखवण्याचा आणि शोध दुसरीकडे वळवण्याचा असतो, पासवर्ड चोरण्याचा नव्हे. पण ज्या एक्स्टेन्शनला "सर्व संकेतस्थळांवरील सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची" परवानगी असते ते उघडलेल्या पानावर काय टाइप केले तेही वाचू शकते, ही गोष्ट हलक्यात घेता येत नाही. म्हणून सफाई पूर्ण झाल्यानंतर, आणि नंतरच, मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. आधी बदलला तर नवा पासवर्डही त्याच एक्स्टेन्शनच्या समोर टाइप होईल. बदलण्यासाठी दुसरे स्वच्छ उपकरण वापरता आले तर अधिक चांगले. मेलखात्याला दुहेरी पडताळणी सुरू करा.

त्या निळ्या पानावरच्या क्रमांकावर फोन झाला नाही, हे फार चांगले झाले. तसा फोन केला की पलीकडची व्यक्ती संगणक दुरून हाताळण्याचे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला लावते, आणि तिथून पुढे प्रश्न जाहिरातींचा राहत नाही, बँकेच्या खात्याचा होतो. कोणाच्या घरी असा फोन होऊन गेला असेल तर आधी इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि त्या परिस्थितीत फॉरमॅट करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

विंडोज सिक्युरिटीमध्ये "अ‍ॅप आणि ब्राउझर नियंत्रण" या भागात नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याचा एक स्वतंत्र पर्याय आहे, तो सुरू आहे ना ते पाहा. २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून तो सेटिंग्जमध्ये दिसू लागला. मनाच्या समाधानासाठी विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅनही करा. तो विंडोज सुरू होण्यापूर्वी चालतो, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामला त्या वेळी हालचाल करता येत नाही, आणि त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात. "संगणक वेगवान करा", "रजिस्ट्री साफ करा" असे सांगणारी साधने मात्र घेऊ नका. त्यांतली बरीचशी याच कुळातली असतात. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचे सफाईसाधन होते, ते गूगलने २०२३ मध्ये काढून टाकले. त्यामुळे जुन्या लेखांत त्याचा उल्लेख वाचून त्या नावाने काही डाउनलोड करू नका.

आणि आईचे म्हणणे. त्यांनी केले ते एवढेच की दोन कागद जोडण्यासाठी एक प्रोग्राम घेतला आणि तो इन्स्टॉल करताना आधीच खूण केलेल्या चौकटीला हात लावला नाही. जाणकारही यात फसलेले आहेत. सोर्सफोर्ज हे एकेकाळी मुक्त सॉफ्टवेअरचे सर्वांत विश्वासाचे भांडार होते. तिथेही २०१३ पासून काही प्रोग्रामबरोबर जोडसॉफ्टवेअर देण्याची योजना सुरू झाली आणि मालकी बदलल्यावर २०१६ मध्ये ती बंद करावी लागली. लेनोवोच्या काही नव्या लॅपटॉपवर तर सुपरफिश नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच बसवलेले होते. त्याने स्वतःचे प्रमाणपत्र (संकेतस्थळ खरे असल्याची ग्वाही देणारी डिजिटल नोंद) विंडोजमध्ये घातल्यामुळे बँकेसारखी सुरक्षित संकेतस्थळेही धोक्यात आली होती, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते उघडकीला आले. त्या लॅपटॉपच्या मालकांनी तर काहीच दाबले नव्हते. हे आईला अवश्य सांगा. प्रोग्राम घेताना कस्टम किंवा अ‍ॅडव्हान्स्ड हा पर्याय निवडून प्रत्येक खूण वाचायची, एवढी सवय त्यांना लागली की पुरे.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आज पुन्हा बसून सगळे केले. टास्क शेड्यूलरमध्ये खरोखरच त्या अपडेटरचे काम होते आणि ते दर तासाला चालत होते. ते डिसेबल केले, रजिस्ट्रीतल्या क्रोमच्या नोंदीचा एक्स्पोर्ट घेऊन ती पुसली, आणि रीस्टार्टनंतर एक्स्टेन्शनसमोर काढण्याचे बटण आले. ते बटण आईलाच दाबायला सांगितले. शोध आता गूगलवरच होतो. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही आढळले नाही आणि दोन्ही पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले.

एकच शंका उरली आहे. दिवसातून एकदा कोपऱ्यात "तुमचे संरक्षण संपले आहे" अशी चौकट अजूनही येते. तिच्यावर ब्राउझरचे नाव नाही आणि संकेतस्थळाचा पत्ताही नाही. एका अँटिव्हायरसचे नाव आहे. आम्ही तो कधी विकत घेतला नव्हता.

उत्तर १ लिहिणाऱ्याचे प्रत्युत्तर

ही चौकट खरी आहे. संगणक नवा घेतला तेव्हा त्यात त्या अँटिव्हायरसची चाचणी-आवृत्ती असणार आणि तिची मुदत संपली असणार. मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवण्यात लाभ काहीच नाही. अ‍ॅप्सच्या यादीतून तो अनइन्स्टॉल करा आणि संगणक रीस्टार्ट करा. विंडोजमधला डिफेंडर त्याची जागा आपोआप घेतो. नंतर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस संरक्षणासमोर हिरवी खूण आली आहे का, तेवढे पाहा. आली नाही तर इथे लिहा.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

हिरवी खूण आली आहे. आईने वहीतल्या त्या क्रमांकावर काट मारून त्याखाली "क्रमांक दिसला की खोटे" असे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे.